बिल्डमध्येच सर्व्हिस वर्कर तयार करणे: कोणत्या फाइली कॅश कराव्यात, नवी आवृत्ती कशी पोचवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

गावपातळीवरच्या दूध संस्थांसाठी आम्ही एक वेब अ‍ॅप चालवतो. सभासद क्रमांक टाकायचा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) भरायचं, दर निघतो आणि पावती छापली जाते. सकाळची पाळी उजाडताच सुरू होते आणि डोंगरकडेच्या गावांत नेमकी तेव्हाच रेंज येते-जाते. नोंदी आधी इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये, जातात, त्यामुळे एकदा अ‍ॅप उघडलं की मध्येच नेट गेलं तरी काम अडत नाही. अडतं ते उघडतानाच. नेट नसताना सचिवांनी टॅब उघडला की कोरं पान येतं आणि समोर कॅन घेऊन रांग लागलेली असते.

म्हणून सर्व्हिस वर्कर, म्हणजे पान आणि नेट यांच्या मध्ये बसून कॅशमधल्या (यंत्रावर साठवलेल्या) फाइली देणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, लावायचा आहे. अ‍ॅप रिअ‍ॅक्टमध्ये आहे, बिल्ड (कोडपासून सर्व्हरवर ठेवायच्या फाइली बनवणं) व्हीट या साधनाने होतो. बिल्डनंतर फाइलींच्या नावांत हॅश (मजकुरावरून काढलेली अक्षरांची खूण) येतो आणि मजकूर बदलला की तो बदलतो, तेव्हा कॅश करायची यादी हाताने लिहिणं बाद. व्हीटचं पीडब्ल्यूए (ऑफलाइनही चालणारं वेब अ‍ॅप) प्लगइन आणि त्याच्या पोटातलं वर्कबॉक्स, म्हणजे सर्व्हिस वर्कर बनवून देणारी लायब्ररी, पाहून ठेवलंय. पण ठरवायच्या गोष्टी बऱ्याच दिसताहेत. पूर्ण वर्कर बिल्डकडूनच लिहून घ्यावा, की आपण लिहून त्यात फक्त यादी भरून घ्यावी? सगळ्याच फाइली कॅश कराव्यात का? आणि नवी आवृत्ती आली की ती चालू पाळीत घुसणार नाही, पण महिनाभर अडकूनही पडणार नाही, हे कसं साधायचं?

ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरात चालवलंय त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

---

जुनाखिळा

चांगला विषय. आधी थोडी पार्श्वभूमी, कारण वर्कबॉक्सची रचना त्यातून लगेच कळते.

सर्व्हिस वर्करच्या आधी ऑफलाइन पानांसाठी ब्राउझरमध्ये अ‍ॅपकॅश होतं. त्यातही फाइलींची यादी असे, पण ब्राउझर पान नेहमी कॅशमधूनच आधी दाखवायचा आणि यादीच्या फाइलीत एखादं अक्षर बदलल्याशिवाय नवं काही आणायचाच नाही. लोक यादीत टिप्पणी म्हणून आवृत्तीचा आकडा लिहीत आणि दर वेळी तो हाताने वाढवत. क्रोममध्ये २०१५ च्या सुरुवातीला, आवृत्ती ४० पासून, सर्व्हिस वर्कर आला. आयफोनवर तो यायला मार्च २०१८ उजाडलं, आयओएस ११.३ बरोबर. त्यात कॅशवर पूर्ण ताबा मिळाला, पण यादीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. तो सोडवायला गूगलच्या मंडळींनी आधी एसडब्ल्यू-प्रीकॅश आणलं आणि २०१७ मध्ये वर्कबॉक्स.

कल्पना सरळ आहे. कोणत्या फाइली बनल्या आणि त्यांच्यात नेमकं काय आहे, हे बिल्ड संपल्याच्या क्षणी बिल्डलाच ठाऊक असतं. म्हणून यादी त्याच क्षणी, त्याच फोल्डरवरून बनवायची. प्रत्येक फाइलीसाठी दोन गोष्टी नोंदल्या जातात, तिचा पत्ता आणि रिव्हिजन, म्हणजे मजकुरावरून काढलेला हॅश. ज्या फाइलींच्या नावातच हॅश आहे त्यांचं रिव्हिजन रिकामं ठेवलं जातं. इंडेक्स डॉट एचटीएमएलचं नाव कधीच बदलत नाही, म्हणून तिला रिव्हिजन लागतं.

ही यादी एसडब्ल्यू डॉट जेएस या वर्करच्या फाइलीच्या आतच छापलेली असते. त्यामुळे एक जरी फाइल बदलली तरी एसडब्ल्यू डॉट जेएसचे बाइट बदलतात. ब्राउझर जुनी-नवी प्रत बाइट-बाइट ताडून पाहतो आणि फरक दिसला की नवा वर्कर बसवायला घेतो. आवृत्तीचा आकडा हाताने वाढवायची कटकट इथे संपली.

एक गोष्ट मात्र सांभाळा. बिल्डची वेळ इंडेक्स डॉट एचटीएमएलमध्ये छापायची सवय अनेकांना असते. मग कोडमध्ये काहीही बदल नसताना दर बिल्डला रिव्हिजन बदलतं आणि प्रत्येक केंद्रावर विनाकारण नवी आवृत्ती पोचते. दोन सर्व्हरवर वेगवेगळे बिल्ड करत असाल तर ते त्याहून वाईट. बिल्ड एकदाच करा आणि तेच फोल्डर सगळीकडे न्या.

---

रानजाई

जुनाखिळा यांनी पाया घातलाच आहे, मी पहिल्या प्रश्नाबद्दल लिहिते.

दोन पद्धती आहेत. जनरेटएसडब्ल्यूमध्ये तुम्ही फक्त सेटिंग देता, वर्करची फाइल पूर्ण तयार होऊन मिळते. इंजेक्टमॅनिफेस्टमध्ये वर्कर तुम्ही लिहिता, त्यात डब्ल्यूबी-मॅनिफेस्ट नावाची खूण ठेवता आणि बिल्ड त्या खुणेच्या जागी यादी ओततो. ती खूण फाइलीत एकदाच यायला हवी, दोनदा दिसली तर बिल्ड तिथेच थांबतो.

पुश सूचना हव्या असतील, वर्करमध्ये स्वतःचं काही तर्कशास्त्र लागणार असेल, तरच दुसरी पद्धत. कृष्णाकाठ, तुमच्या नोंदी अ‍ॅपच सांभाळतंय. तुम्हाला फक्त अ‍ॅप उघडायला हवंय. त्यासाठी जनरेटएसडब्ल्यू पुरेसं आहे, आणि ते पुरेसं असताना हाताने वर्कर लिहू नये असं माझं ठाम मत आहे. वर्करमधला बग साध्या पानातल्या बगसारखा नसतो. पान बिघडलं तर नवं डिप्लॉय केलं, म्हणजे सर्व्हरवर चढवलं, की सुटतं. वर्कर बिघडला तर नव्या डिप्लॉयच्या वाटेत तोच बसलेला असतो.

"सगळ्याच फाइली कॅश कराव्यात का" याचं उत्तर नाही असं आहे. प्रीकॅशमध्ये, म्हणजे वर्कर बसतानाच उतरवायच्या यादीत, फक्त कवच जावं: एचटीएमएल, जेएस, सीएसएस, लागणारे फॉन्ट, मोजके आयकॉन. अहवालाचे मोठे तक्ते, मदतीचे व्हिडिओ, सचिव वर्षातून एकदा उघडतात ते ऑडिटचं पान, हे वगळा. वर्कर बसताना यादीतली प्रत्येक फाइल उतरवतो आणि त्यातली एक जरी मिळाली नाही, ४०४ (फाइल सापडली नाही) आली, तर अख्खं बसवणंच रद्द होतं. यादी जितकी लांब तितकं कमकुवत नेटवर ते पूर्ण होणं अवघड.

---

मुळामुठा

रानजाई, अनुमोदन. ४०४ चा मुद्दा अधोरेखित करतो. बिल्डच्या फोल्डरात असते पण सर्व्हर देत नाही, अशी एखादी फाइल यादीत घुसली तर वर्कर कधीच बसत नाही, आणि पानावर कोणतीही चूक दिसत नाही. नेट असताना सगळं सुरळीत वाटतं. कन्सोल उघडून पाहिल्याशिवाय पत्ता लागत नाही.

---

कृष्णाकाठ

खूप आभार. जनरेटएसडब्ल्यू लावून बिल्ड करून पाहिला. शेवटी प्रीकॅशमध्ये किती फाइली गेल्या आणि एकूण किती किलोबाइट झाले हे छापून येतं, ते फार उपयोगी आहे. डिस्ट फोल्डरात एसडब्ल्यू डॉट जेएस आली, शेजारी वर्कबॉक्स नावाची, हॅश लागलेली आणखी एक फाइल आली.

दोन गोष्टी खटकल्या. पहिली, ऑफलाइन केल्यावर अ‍ॅप उघडलं, पण मराठी अक्षरं बदलली. आमचा फॉन्ट मुक्त आहे, अ‍ॅपच्या पॅकेजमधूनच येतो, तरी कॅशमध्ये दिसत नाही. पावतीची मांडणी त्या फॉन्टच्या रुंदीवर बेतलेली असल्याने रकाने सरकतात. दुसरी, एक जेएस फाइल मोठी असल्याचं सांगून बिल्डच अडला.

---

रानजाई

शेजारची वर्कबॉक्सची फाइल विसरू नका. एसडब्ल्यू डॉट जेएस तिला आयात करते, ती सर्व्हरवर गेली नाही तर वर्कर बसणार नाही. ती वेगळी नको असेल तर रनटाइम आतच भरून घ्यायचं सेटिंग आहे.

फॉन्टचं कारण साधं आहे. ग्लोब पॅटर्नमध्ये (कोणत्या फाइली यादीत घ्यायच्या ते सांगणारं सेटिंग) मुळात जेएस, सीएसएस आणि एचटीएमएल एवढेच प्रकार धरलेले असतात. डब्ल्यूओएफएफ२ हा फॉन्टचा प्रकार तुम्हालाच जोडावा लागतो. पण सरसकट जोडू नका. पॅकेजमधले फॉन्ट लिपीवार आणि जाडीवार तुकड्यांत येतात: देवनागरी, लॅटिन, विस्तारित लॅटिन, आणि प्रत्येकाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फाइली. पान उघडताना ब्राउझर युनिकोड-रेंज (कोणता तुकडा कोणत्या अक्षरांसाठी ते) पाहून लागणारा तुकडाच उतरवतो. प्रीकॅशला हा विवेक नसतो, पॅटर्नमध्ये बसलं की सगळं उतरतं. देवनागरीचे तुकडे जोडाक्षरांच्या आकारांमुळे लॅटिनपेक्षा मोठेही असतात. तेव्हा पॅटर्नमध्ये नावानिशी देवनागरी आणि लॅटिन, आणि पावतीला लागतात त्या दोनच जाड्या घ्या. बाकीच्या वगळा.

पॅकेजऐवजी फॉन्ट बाहेरच्या सर्व्हरवरून घेतला असता तर प्रकरण आणखी किचकट झालं असतं. दुसऱ्या डोमेनवरून कॉर्सशिवाय (त्या सर्व्हरच्या परवानगीच्या हेडरशिवाय) आलेला प्रतिसाद वर्करला अपारदर्शक दिसतो. आत काय आहे, ती फाइल आहे की चुकीचं पान, कळत नाही. शिवाय क्रोम अशा प्रत्येक प्रतिसादाचा हिशेब जागेच्या कोट्यात किमान सुमारे ७ एमबी धरतो, मग प्रत्यक्ष फाइल कितीही छोटी असो. स्वस्त मोबाइलवर कोटा बघता बघता संपतो. फॉन्ट घरचाच ठेवलात ते उत्तम.

मोठ्या जेएस फाइलीबद्दल: वर्कबॉक्सची मर्यादा प्रत्येक फाइलीमागे २ एमबी आहे. वर्कबॉक्स स्वतः नुसता इशारा देऊन ती फाइल यादीबाहेर ठेवतं. प्लगइनच्या नव्या आवृत्त्या बिल्डच थांबवतात आणि तेच योग्य आहे, कारण मुख्य जेएस वगळलेला वर्कर ऑफलाइन कोरं पान दाखवेल. मर्यादा वाढवायचं सेटिंग आहे, पण त्याला हात लावण्याआधी त्या फाइलीत काय आहे ते बघा.

---

कृष्णाकाठ

पाहिलं. आलेखाची लायब्ररी आणि एक्सेल बनवायची लायब्ररी दोन्ही मुख्य फाइलीत आहेत. दोन्ही फक्त अहवालात लागतात. डायनॅमिक इंपोर्ट करून (लागतील तेव्हाच आणून) वेगळ्या काढतो आणि प्रीकॅशमधून वगळतो. धन्यवाद!

---

सह्यकडा

सर्व्हरच्या बाजूने काही गोष्टी, मी तेच काम करतो.

एसडब्ल्यू डॉट जेएस डोमेनच्या मुळाशीच ठेवा. वर्करचा अधिकार त्याच्या स्वतःच्या फोल्डरापुरता आणि त्याखालचा. असेट्स फोल्डरात ठेवला तर तो मुख्य पानाला हात लावू शकत नाही, हेडर देऊन वेगळी परवानगी दिल्याशिवाय. एचटीटीपीएस तर लागतंच, लोकलहोस्ट तेवढा अपवाद.

कॅश-कंट्रोल: हॅश असलेल्या असेट्सना वर्षभराची मुदत खुशाल द्या. एसडब्ल्यू डॉट जेएस आणि इंडेक्स डॉट एचटीएमएलला नो-कॅश. क्रोम २०१८ पासून, आवृत्ती ६८ पासून, वर्करची मुख्य फाइल तपासताना एचटीटीपी कॅश बाजूला ठेवतो, पण मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती ठेवणारे मधले सर्व्हर) असेल तर त्याची प्रत आडवी येतेच.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सिंगल पेज (एकाच इंडेक्स पानावर चालणाऱ्या) अ‍ॅपसाठी "फाइल नसेल तर इंडेक्स द्या" असा नियम असतो. त्याने एक लपाछपी होते. एसडब्ल्यू डॉट जेएस अपलोड व्हायची राहिली तर ४०४ ऐवजी एचटीएमएल मिळतं, २०० (सगळं ठीक) सकट. ब्राउझर प्रकार पाहून ती नाकारतो, आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेला सगळं हिरवं दिसतं. असेट्स फोल्डर आणि एसडब्ल्यू डॉट जेएस या दोन्हींना त्या नियमातून बाहेर काढा.

डिप्लॉयचा क्रम: आधी हॅशवाल्या फाइली, मग इंडेक्स, सगळ्यात शेवटी एसडब्ल्यू डॉट जेएस. उलट झालं तर नव्या यादीने मागितलेली फाइल अजून पोचलेलीच नसते आणि वर्कर बसायचं फसतं. जुन्या हॅशवाल्या फाइली लगेच पुसू नका. जुनं पान उघडं ठेवून बसलेला माणूस एखाद्या टॅबवर क्लिक करतो, तेव्हा प्रीकॅशमध्ये नसलेला जुना तुकडा सर्व्हरकडेच मागितला जातो. तुमच्या अहवालाच्या लायब्ऱ्या आता अशाच झाल्या. व्हीट अशा वेळी प्रीलोड-एरर नावाचा इव्हेंट देतं, तो ऐकून "अ‍ॅप ताजं करा" असा निरोप दाखवता येतो.

आणि नॅव्हिगेट-फॉलबॅक. प्लगइन मुळातच ते इंडेक्सवर लावून ठेवतं, म्हणजे कोणताही पत्ता उघडला की कॅशमधलं इंडेक्स मिळतं. सिंगल पेज अ‍ॅपला हेच हवं असतं. पण त्याच डोमेनवर सर्व्हरकडून बनणारं काही असेल, तुमचं दहा दिवसांचं बिल पीडीएफमध्ये उतरवायची लिंक असेल, तर ती नव्या टॅबमध्ये उघडताच पीडीएफऐवजी अ‍ॅपचंच पान समोर येईल. एपीआय (डेटासाठी सर्व्हरशी बोलायचे पत्ते), प्रशासनाची पानं, लॉगिनहून परत यायचा पत्ता हे सगळं डिनायलिस्टमध्ये, म्हणजे यातून वगळायच्या पत्त्यांच्या यादीत, टाका. हा दोष फक्त वर्कर बसलेल्या यंत्रावर दिसतो, म्हणून तक्रार आल्यावर ऑफिसात काही केल्या तो सापडत नाही.

---

पाटाचंपाणी

आवृत्तीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ऑटो-अपडेट लावा आणि मोकळे व्हा. खेड्यातल्या वापरकर्त्याला "नवी आवृत्ती आली, बटण दाबा" विचारलं तर तो दाबत नाही. मग एका केंद्रावर एक आवृत्ती, दुसऱ्यावर दुसरी. फोनवर मदत करणाऱ्याचे हाल होतात. दरपत्रक बदललं आणि कोणी जुन्यावरच बसला तर सभासदांना चुकीचा दर जाईल, ही तर पैशाची बाब आहे.

---

रानजाई

पाटाचंपाणी, तुमची काळजी रास्त आहे, पण दरपत्रक ही फाइल नाही, तो डेटा आहे. तो जेएसमध्ये किंवा प्रीकॅशमधल्या जेसनमध्ये कधीही असू नये. एपीआयवरून यावा, कोणत्या तारखेपासून लागू हे त्यात लिहिलेलं असावं आणि इंडेक्स्डडीबीत बसावा. मग अ‍ॅपची आवृत्ती कोणतीही असो, दर तारखेप्रमाणेच लागतो. नवा दर पोचवण्यासाठी अ‍ॅपची नवी आवृत्ती काढावी लागत असेल तर आधी ते बदलायला हवं.

ऑटो-अपडेटमध्ये नवा वर्कर न थांबता ताबा घेतो आणि प्लगइनच्या नोंदणीतून उघडी पानं आपोआप ताजी होतात. आता केंद्रावरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. सचिवांनी लिटर भरले, फॅट यंत्रावरचा आकडा बघून टाइप करताहेत, आणि पान स्वतःहून पुन्हा उघडतं. अर्धी नोंद गेली. समोरचा सभासद म्हणतो माझं दूध आधी मोजलं होतं, मागचा पुढे सरकलेला. दुधाच्या हिशेबात एकदा शंका शिरली की सभासद कॉम्प्युटरची पावती मानत नाहीत, वहीत लिहा म्हणतात.

म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे विचारून अपडेट करायची पद्धत. मात्र त्यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. नवा वर्कर बसून वाट पाहत राहतो, जुन्याची सगळी पानं बंद होईपर्यंत. एकच टॅब असला आणि तो रिफ्रेश केला तरी नवा ताबा घेत नाही, कारण रिफ्रेश होताना जुनं पान पूर्ण सुटायच्या आधीच नवं आलेलं असतं. होमस्क्रीनवरचं अ‍ॅप तर लोक आठवडेच्या आठवडे बंद करत नाहीत. तेव्हा नुसतं वाट पाहणं हा पर्याय नाही, विचारावंच लागतं.

पण कधी विचारायचं हे तुमच्या हातात आहे. कृष्णाकाठ, तुमच्याकडे पाळी बंद करायचं बटण असेलच. नवी आवृत्ती तयार असल्याची खूण प्लगइनकडून मिळते, ती जपून ठेवा. पाळी बंद झाली, सगळ्या नोंदी सर्व्हरवर पोचल्या, की त्या क्षणी अपडेट करून टाका. तिथे विचारायचीही गरज नाही.

---

पाटाचंपाणी

पाळी बंद करताना अपडेट, हे पटलं. दराचं म्हणणंही मान्य. तरी एक शंका राहते: पान सतत उघडंच असेल तर नवी आवृत्ती आल्याचं ब्राउझरला कळणार कधी? आणि मधल्या काळात सर्व्हर बदललेला असला तर?

---

जुनाखिळा

पहिलं: ब्राउझर पान नव्याने उघडताना तपासतो. उघड्या पानातून ठरावीक वेळाने रजिस्ट्रेशनचं अपडेट फंक्शन स्वतः बोलवा. नेट आहे का बघून तासाला एकदा पुरे.

दुसरं: एपीआय जुन्या आवृत्तीशी बोलता राहिलाच पाहिजे. सर्व्हिस वर्कर लावला म्हणजे मागच्या काही आवृत्त्या जिवंत असणार हे स्वीकारणं आलं. रकाना काढायचा असेल तर आधी नव्या अ‍ॅपमधून काढा, सर्व्हरवरून नंतर. प्रत्येक विनंतीत अ‍ॅपची आवृत्ती पाठवा, म्हणजे कोणतं केंद्र कुठे अडकलंय ते तुम्हाला दिसेल आणि फोनवर विचारत बसावं लागणार नाही.

आणि वर्कर काढून टाकायची वाट पहिल्या दिवशीच तयार ठेवा. सर्व्हरवरून एसडब्ल्यू डॉट जेएस पुसली म्हणजे वर्कर गेला असं होत नाही. तपासणी फसते आणि जुना वर्कर तसाच चालू राहतो. त्याच पत्त्यावर, त्याच नावाने, स्वतःची नोंदणी रद्द करणारा वर्कर द्यावा लागतो. प्लगइनमध्ये सेल्फ-डिस्ट्रॉयिंग हे सेटिंग त्यासाठीच आहे. म्हणूनच वर्करच्या फाइलीचं नाव कधीही बदलू नये, तिच्या नावात हॅश तर नकोच नको.

---

खाडीवारा

अँग्युलर, म्हणजे वेब अ‍ॅपची दुसरी एक चौकट, वापरणाऱ्यांसाठी एक भर. आमच्याकडे हेच काम एनजीएसडब्ल्यू हा अँग्युलरचा स्वतःचा सर्व्हिस वर्कर करतो, अँग्युलर ५ पासून, म्हणजे २०१७ च्या शेवटापासून. कॉन्फिगमध्ये असेटग्रुप लिहायचे, प्रीफेच म्हणजे आधीच उतरवायचं, लेझी म्हणजे मागितल्यावर. बिल्ड त्यातून हॅशसकट एनजीएसडब्ल्यू डॉट जेसन बनवतो. बंद करायची सोय वेगळी आहे: ती जेसन फाइल सर्व्हरवरून काढली आणि खरोखर ४०४ मिळाला की वर्कर आपली कॅश पुसून स्वतःची नोंदणी रद्द करतो. वर सह्यकडा यांनी सांगितलेला "फाइल नसेल तर इंडेक्स" नियम इथे आडवा येतो, तेवढं बघा.

तुमच्या काही केंद्रांवर आयपॅड आहेत का? २०२० पासून, सफारीच्या वापराचे ७ दिवस त्या साइटला हात न लावता गेले की सफारी साइटचा साठा पुसते. होमस्क्रीनवर टाकलेल्या अ‍ॅपला ही मुदत लागू नाही. संस्था काही दिवस बंद राहिली आणि न पाठवलेल्या नोंदी फक्त त्या आयपॅडवर होत्या, असं व्हायला नको.

---

कृष्णाकाठ

बहुतेक अँड्रॉइडचे टॅब्लेट आहेत, आयपॅड मोजके. ते होमस्क्रीनवर टाकून घेतो. न पाठवलेल्या नोंदींचा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दाखवायचं ठरवलंय.

डिनायलिस्टमध्ये बिलाची लिंक आणि एपीआय घातले, डिप्लॉयचा क्रम बदलला, अपडेट पाळी बंद करण्याला बांधला. चाचणी डेव्ह सर्व्हरवर न करता बिल्ड करून प्रिव्ह्यूवर करतोय, डेव्हटूल्समध्ये ऑफलाइन करून. फॉन्ट आता नीट येतो, पावतीचे रकाने जागेवर आहेत.

शेवटची शंका. दर नव्या आवृत्तीला केंद्रावर पूर्ण प्रीकॅश पुन्हा उतरते का? काही गावांत डेटा पॅक जेमतेम असतो.

---

रानजाई

नाही. नव्या यादीतला पत्ता आणि रिव्हिजन आधीच्या कॅशमध्ये असेल तर ती फाइल पुन्हा उतरत नाही, फक्त बदललेल्या येतात. म्हणून रिअ‍ॅक्ट आणि बाकी लायब्ऱ्या बिल्डच्या सेटिंगमधून वेगळ्या फाइलीत काढा. तुमचा कोड दर आठवड्याला बदलेल, लायब्ऱ्या क्वचित. फॉन्ट तर एकदा उतरले की तेच राहतात. दोन लागोपाठच्या बिल्डच्या एसडब्ल्यू डॉट जेएस शेजारी ठेवून ताडून पाहा. यादीतल्या ज्या नोंदी बदलल्या, तेवढ्याच फाइली केंद्रावर उतरणार.